आजीचा पाला आणि आपली वही
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



दिवसभर रानात राबून तुम्ही रात्री या वर्गाला येता, याचे मला फार कौतुक वाटते. गेल्या महिन्यात तुमच्यातले कित्येक जण आपले नाव लिहू लागले. आता तुम्ही चार ओळी वाचता. म्हणून आज मी असा विषय आणला आहे, की जो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो विषय म्हणजे झाडपाल्याचे औषध.

मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. मी जुना मॅट्रिक झालेला मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळांत अडतीस वर्षे काढली. शेवटी हेडमास्तर होऊन घरी बसलो. पण माझी आजी गावात पाला देणारी बाई होती. तिच्यामागे पाटी घेऊन मी बांधाबांधाने हिंडलो आहे. तिने जे चांगले केले ते मी पाहिले. तिच्या हातून जे चुकले, तेही पाहिले. दोन्ही तुम्हाला सांगतो.

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगरावर वसलेला आहे. पाऊस बेताचा, जमीन कुठे काळी तर कुठे मुरमाड. तरी मृगाचा पाऊस पडला की बांधावर किती तऱ्हेचा पाला उगवतो! आपण त्याला तण म्हणतो आणि खुरप्याने काढून टाकतो. आजी म्हणायची, "लेकरा, नाव माहीत नसलं की सगळंच गवत दिसतंय."

कुणाला खोकला झाला की आजी अडुळशाची पिकली पाने आणायची. ती पाने वाफवून रस काढायची. मोठ्या माणसाला दोन लहान चमचे रस मधातून द्यायची. जास्त मागितला तरी देत नसे. गुडघा सुजला की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची. खुरपे लागले की कंबरमोडीचा पाला चोळून रस जखमेवर पिळायची. कंबरमोडी म्हणजे दगडी पाला. पिवळ्या फुलाचे, लांब दांड्याचे ते तण तुमच्या दारातही असेल. गजकर्णावर तरोटा, भाजल्यावर कोरफडीचा गर, असे तिचे चाले.

हे सारे खुळचट होते काय? नाही. अडुळशाच्या पानात कफ सुटा करणारे द्रव्य आहे. त्या द्रव्यावर शास्त्रज्ञांनी काम केले. त्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन नावाचे औषध तयार झाले. दुकानात खोकल्याच्या ज्या बाटल्या मिळतात, त्यांतल्या अनेकींवर हे नाव छापलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. पुढच्या वेळी बाटली हातात आली की वाचून बघा. आजीचा अडुळसा असा वेष पालटून दुकानात बसला आहे.

तर आजीच्या पाल्यात गुण होता. पण आता दुसरी गोष्ट ऐका. ती सांगताना अजूनही माझा गळा भरून येतो.

त्या रात्री काय झाले

साल १९७१. आषाढाचा महिना होता. मी चौदा वर्षांचा, माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा. घर मातीचे. आम्ही सगळे भुईवर वाकळ टाकून निजत होतो. मध्यरात्र उलटल्यावर भाऊ उठून बसला. म्हणाला, "आज्जे, पोटात लई दुखतंय."

आजीने चिमणी लावली. संध्याकाळी त्याने हुरडा-शेंगा काही खाल्ले नव्हते, पण लेकराचे पोट म्हणून तिने ओवा दिला. बेंबीला हिंग लावला. पोटावर हात फिरवत बसली. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. कुणाला कसली शंका येणार?

पहाटे त्याच्या पापण्या मिटू लागल्या. उघड म्हटले तरी उघडेनात. बोलणे नाकातून येऊ लागले. थुंकी गिळता येईना. शेजारीपाजारी जमले. कुणी म्हणाले, वारे लागले. कुणी देवाचा अंगारा आणला. त्यात दोन तास गेले. मग वडिलांनी गाडी जुंपली. ओढ्याला पाणी होते. तालुक्याचा दवाखाना दिसायच्या आत माझा भाऊ गेला.

दुपारी आईने वाकळा उचलल्या. कोपऱ्यात उतरंडीच्या मागे काळी, चकचकीत, अंगावर पांढरे पट्टे असलेली मण्यार होती.

मंडळी, मण्यारीचा दंश असाच असतो. ती रात्री हिंडते. भुईवर निजलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक, की कधी कधी खूणही दिसत नाही. फारसे दुखत नाही. तासा-दोन तासांनी पोटात दुखते, मग पापण्या मिटतात, आणि शेवटी श्वास थांबतो. हे मला पुढे मोठा झाल्यावर पुस्तकात वाचायला मिळाले. आजीला कोण सांगणार? तिला अक्षर येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांनीही कधी गावात येऊन सांगितले नव्हते.

आजी महिनाभर जेवली नाही धड. ती एवढेच म्हणायची, "मी रोग न इचारता औषध दिलं." ओव्यात खोट नव्हती. पोटदुखीला ओवा चांगलाच आहे. पण ते दुखणे पोटाचे नव्हते.

त्यानंतरही लोक आजीकडे येत राहिले. पण ती बदलली. पोट दुखते म्हणून कुणी आले की आधी विचारायची, "रात्री भुईवर निजला होतास का? डोळे उघडून दाखव." मगच पाल्याला हात घालायची. आणि कित्येकांना ती सरळ सांगायची, "इथं माझं काम नाही. गाडी जुंपा." पाला देणारी बाई पाला नाकारते, म्हणून काही लोक तिला हसले. मला मात्र वाटते, तेव्हाच ती खरी वैदीण झाली.

आज मला तुम्हाला हेच सांगायचे आहे. झाडपाल्याला तीन गोष्टी लागतात. पहिली ओळख, दुसरी माप, तिसरी मर्यादा. यांतली एक जरी चुकली, तरी औषधाचे विष होते किंवा वेळ हातची जाते.

पहिली गोष्ट : ओळख

१९९८ साली मी ज्या शाळेवर होतो, तिच्या कुंपणाला मोगली एरंड लावलेला होता. त्यालाच चंद्रज्योत म्हणतात. जनावरे तो खात नाहीत, म्हणून लोक कुंपणाला लावतात. मधल्या सुट्टीत अकरा पोरांनी त्याच्या बिया फोडून खाल्ल्या. चवीला भुईमुगाच्या दाण्यासारख्या लागल्या म्हणे. तासाभरात एकेक पोर ओकू लागले, जुलाब सुरू झाले. जीप मिळवून सगळ्यांना दवाखान्यात नेले. सलाईन लावले. दुसऱ्या दिवशी सगळी पोरे घरी आली, ही देवाची कृपा.

मी एका पोराला विचारले, "अरे, कशाला खाल्लंस?" तो म्हणाला, "गुरुजी, आई आम्हाला एरंडाचं तेल पाजती की!"

नाव सारखे, झाड वेगळे. आणि साध्या एरंडाची बी तरी कुठे खायची असते? तीही चावून खाल्ली तर विषारी असते. तेल नीट काढले की विष पेंडीत राहते. म्हणून तेल चालते, बी चालत नाही.

गुंजेचे तसेच. गुंजेचा पाला गोड असतो. विड्यात घालून लोक खातात. पण त्याच वेलाची लाल-काळी बी चावून खाल्ली तर माणूस मरू शकतो. सोनार पूर्वी ज्या गुंजेने सोने तोलत, तीच ही गुंज. लेकरांच्या हाती खेळायला देऊ नका.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, घरोघर गुळवेलीचा काढा झाला. २०२१ साली मुंबईच्या काही डॉक्टरांनी लिहिले, की गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाला ते पटले नाही. मंत्रालय म्हणाले, गुळवेलीसारखा दिसणारा दुसरा वेल घेतला गेला असेल. वाद कसाही असो. आपण घ्यायचा धडा एकच. वेल नीट ओळखल्याशिवाय तोंडात घालू नये. ज्याला आधीच यकृताचा आजार आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय महिनोन् महिने काढे पिऊ नयेत.

दुसरी गोष्ट : माप

लोक म्हणतात, "झाडपाला आहे, गुण नाही आला तरी बाधायचा नाही." मंडळी, हे खरे नाही. धोतरा झाडच आहे. कण्हेर झाडच आहे. दोन्हींनी माणसे मेली आहेत. ज्यात गुण करण्याची ताकद असते, त्यात बाधण्याचीही ताकद असते.

अडुळसा खोकल्याला चांगला. पण पोटुशी बाईला देऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. मध चांगला. पण वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवू नये. कडुलिंब तर आपल्या पाडव्याचा मान. त्याचा पाला धान्यात घालावा, पाण्यात घालून आंघोळ करावी. पण तान्ह्या लेकराला कडुलिंबाचे तेल पाजू नये. ते पाजल्याने झटके येऊन लेकरे दगावली, अशा नोंदी डॉक्टरांनी करून ठेवल्या आहेत.

आता तुमच्या अंगणातल्या सदाफुलीची गोष्ट सांगतो. ती आपल्याला घरचीच वाटते. पण तिचे मूळ गाव फार दूर आहे. आफ्रिका खंडाच्या पूर्वेला समुद्रात मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. सदाफुली तिथली. माणसांबरोबर, जहाजांबरोबर ती जगभर पसरली आणि आपल्या तुळशीवृंदावनाशेजारी येऊन उभी राहिली. जिथे गेली तिथे लोकांनी तिला औषध म्हणून वापरले. अमेरिका खंडाजवळ जमैका नावाचे बेट आहे. तिथले लोक मधुमेहावर तिच्या पानांचा काढा पीत. १९५२ साली तिथल्या एका डॉक्टरांनी ती पाने कॅनडा देशात तपासायला पाठवली.

शास्त्रज्ञांनी तपासले. साखर काही उतरेना. पण एक वेगळीच गोष्ट दिसली. त्या पानांच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. तेव्हा त्यांनी विचार केला, की ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रोगावर हे चालेल काय? रक्ताच्या कर्करोगात तसेच होते. पुढच्या काही वर्षांत सदाफुलीपासून कर्करोगाची दोन औषधे तयार झाली. त्यांतले एक लहान लेकरांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही देतात. ज्या आजारात पूर्वी लेकरू हमखास जायचे, त्यातून आता कितीतरी लेकरे वाचतात.

पण म्हणून सदाफुलीची पाने चावायची का? मुळीच नाही. कित्येक क्विंटल वाळला पाला गाळावा, तेव्हा कुठे एक ग्रॅम औषध हाती येते. तेही डॉक्टर वजन बघून, रक्त तपासून, मोजून देतात. आपल्याकडे काही जण साखरेचा आजार आहे म्हणून रोज सकाळी पाने खातात आणि दवाखान्याची गोळी बंद करतात. तसे करू नका. साखर वाढत राहते आणि डोळे, पाय, मूत्रपिंड यांवर घाला घालते. शिवाय पानांतले विष पोटात जाते ते वेगळेच.

तिसरी गोष्ट : मर्यादा

सर्पगंधा नावाची वनस्पती आहे. ती कोकणात, सह्याद्रीच्या रानात होते. नाव ऐकून वाटते, सापावरचे औषध. जुन्या काळी लोक सापाच्या दंशावरही देत. पण सापाच्या विषावर तिचा गुण ठरला नाही. गुण ठरला तो रक्तदाबावर. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम वकील यांनी रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना ती देऊन पाहिली आणि १९४९ साली आपले अनुभव छापले. ते वाचून जगातले डॉक्टर जागे झाले. १९५२ साली तिच्या मुळीतून औषध वेगळे काढले गेले. नाव सापाचे, काम रक्तदाबाचे! म्हणून नावावर जाऊ नये, परीक्षा करावी. पुढे ती रानातून इतकी उपटली गेली, की आज तिथे मिळणे कठीण झाले आहे. मूळ उपटले की झाड गेले. हेही ध्यानात ठेवा.

मग सापावर औषध कोणते? औषध आहे. ते झाडाचे नाही. घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात. घोड्याच्या रक्तात विष मारणारे द्रव्य तयार होते. त्यापासून लस बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम फार वर्षे केले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ती एकच लस चालते. ती सरकारी दवाखान्यात मिळते.

साप चावला तर काय करावे, ते मी फळ्यावर लिहितो. तुम्ही वहीत उतरवून घ्या.

१) माणसाला धीर द्या. चालू देऊ नका.
२) अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. पुढे सूज येते.
३) चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. काठी लावून सैल बांधा.
४) दोरीने आवळू नका. चिरा देऊ नका. तोंडाने विष ओढू नका.
५) कडुलिंब कडू लागतो का, मिरची तिखट लागते का, हे बघत बसू नका.
६) १०८ क्रमांकाला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा.

आणि भुईवर निजू नका. बाज घ्या. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. पन्नास रुपयांनी महाग पडली तरी चालेल. आमच्या घरी त्या वर्षी एक बाज असती, तर माझा भाऊ आज साठीचा असता.

विंचवाचेही सांगतो. आपल्याकडे विंचू उतरवायला आघाड्याचे मूळ लावतात. साधा विंचू असेल तर वेदना काही वेळाने आपोआप उतरतात आणि श्रेय मुळीला मिळते. लाल विंचू मात्र काळ आहे. तो थेट काळजावर हल्ला करतो. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, धाप लागते. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर कोकणात महाडला गेले. तिथे त्यांनी लाल विंचवाने माणसे मरताना पाहिली. त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी वेळेवर दिली तर रुग्ण वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या मराठवाड्याच्या या लेकाला २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी काय केले? डोळे उघडे ठेवून पाहिले, आणि लिहून ठेवले.

कावीळ झाली की लोक औषध देणाऱ्याकडे धावतात. कुणी नाकात रस सोडतो, कुणी हातावर डाग देतो. घाण पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणून ज्याने जे दिले त्याचा गुण आला असे वाटते. पण सगळ्या काविळी सारख्या नसतात. पोटुशी बाईला कावीळ झाली तर जिवावर बेतू शकते. रुग्ण बरळू लागला, झोपेत राहू लागला, तर एक घटकाही थांबू नये. नाकात रस सोडणे तर अगदी बंद करा.

लेकराला जुलाब लागले तर डाळिंबाची साल उगाळत बसू नका. जुलाबाने मरण येते ते अंगातले पाणी गेल्यामुळे. एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. ते घोट घोट पाजत राहा. आईचे दूध बंद करू नका. दवाखान्यात याची पुडी मिळते, ती अधिक चांगली.

कुत्रे चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सुया सुरू करा. त्यावर कुठलाही पाला नाही. खुरपे लागले तर कंबरमोडी लावा, पण धनुर्वाताची सुई चुकवू नका. खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला तर अडुळसा पुरे. थुंकी तपासून घ्या. ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

लिहिलेले वाचवते

आता शेवटची गोष्ट. ती हळदीची आहे.

१९९५ साली अमेरिकेत दोन संशोधकांना हळदीचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे एखाद्या नव्या शोधावर सरकारने दिलेला मालकीहक्क. शोध कोणता? हळदीने जखम भरते! तुम्ही हसता. हसण्यासारखेच आहे. आपल्या घरात पोर पडले की आई आधी हळदीचा डबा शोधते. पण परक्या देशाच्या कचेरीत "आमच्या आईला ठाऊक आहे" एवढे बोलून भागत नाही. तिथे कागद लागतो.

तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने दावा लावला. परिषदेचे प्रमुख डॉक्टर रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेल गावचा हा मुलगा मुंबईत गरिबीत शिकून मोठा झाला. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापलेले लेख शोधून पुढे मांडले. हळदीचा हा गुण आमच्याकडे आधीच लिहिलेला आहे, हे सिद्ध केले. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

मंडळी, हळद वाचली, कारण कुणीतरी लिहून ठेवले होते. माझ्या आजीची कंबरमोडी, तिची निर्गुडी, तिचे माप, तिचे "इथं माझं काम नाही" हे कुणी लिहिले? कुणीच नाही. तिला साठ-सत्तर पाले ठाऊक होते. मी शाळेत लिहायला शिकलो, पण तिच्याजवळ वही घेऊन बसलो नाही. आज मला त्यांतले जेमतेम वीस आठवतात. ती गेली आणि बाकीचे तिच्याबरोबर गेले. शिकलेल्या नातवाचा हा दोष आहे, तिचा नाही.

२००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला. त्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असावी लागते. त्या समितीने गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावात कोणती झाडे आहेत, त्यांचा काय उपयोग, कोण जाणते, हे तिच्यात लिहायचे असते. मी एका गावची अशी वही पाहिली. छान बांधलेली होती. पण पाला जाणणाऱ्या एकाही म्हातारीला कुणी विचारलेले दिसले नाही. आंबा, चिंच, वड, पिंपळ एवढे लिहून पाने भरली होती. ग्रामसभेला जा. आपल्या गावची वही मागा. वाचा. नसेल त्यात ते घालायला सांगा. वाचता येणाऱ्या माणसाला नाही म्हणणे अवघड जाते.

तोवर आपण आपली वही सुरू करू. एका झाडाला एक पान. त्यावर पाच ओळी. झाडाचे नाव. कुठे उगवते. कोणता भाग घेतात आणि किती. कुणाला देऊ नये. आणि कोणती खूण दिसली की पाला सोडून दवाखाना गाठायचा. ही पाचवी ओळ कुणीही गाळायची नाही.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या बांधावरची एक फांदी आणा. मूळ उपटू नका, फांदीच आणा. येडशीच्या रामलिंगाच्या रानातून मात्र आणू नका. ते अभयारण्य आहे, तिथले पानही तोडायचे नाही. घरात म्हातारी आई, आजी, आत्या असेल तर तिला आज रात्री विचारून या. ती म्हणेल, "तुला काय करायचंय?" तर सांगा, "मला आता लिहिता येतंय. तू सांग, मी लिहितो."

कंबरमोडीची फांदी मी आणतो. पहिले पान आजीच्या नावाने लिहू.

रामराम.